शनीची बांगडी

माझ्या आईला हल्ली माणसांशी बोलताना त्यांच्या कानाकडे बघायची सवय लागली आहे. सवय कसली, नाइलाजच तो. तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय. डावा डोळा गेल्यात जमा आहे आणि उजव्यात मधूनमधून इंजेक्शन घ्यावं लागतं. सरळ बघितलं की समोरच्याचा चेहरा पुसल्यासारखा होतो, कानाकडे बघितलं की नाकडोळे कडेकडेने थोडे उगवतात. आमच्या नात्यात हे सगळ्यांना माहीत आहे. तरी लग्नकार्यात एखादी मामी आपल्या कुड्या चाचपत मला हळूच विचारते, "यांना माझं कानातलं आवडलं नाही का गं?"

मागच्या खेपेला डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचंही फारसं खरं नसल्याचं सांगितलं. किती दिवस टिकेल याची खात्री त्यांना देता येत नव्हती. उलव्याला घरी परत येताना मी गाडी चालवत होते आणि रडू नये म्हणून नेहमीप्रमाणे बडबडत होते. मी म्हटलं, "आई, तुला काय काय बघायचंय ते सांग. आपण एकेक बघून घेऊ." माझी खात्री होती की ती एकवीरेचं नाव घेणार. आमच्या आगरी घरात दुसरं काय येणार? मनातल्या मनात मी तिला गडावर न्यायला डोलीसुद्धा ठरवून टाकली होती.

"मना शनी बगायचाय," ती म्हणाली.

घरी आल्याबरोबर मी फोनवर शिंगणापूरची हॉटेलं शोधायला बसले. एक बऱ्यापैकी सापडलं, खाली गरम पाण्याची सोय वगैरे लिहिलेलं. तिला वाचून दाखवलं तर ती माझ्या उजव्या कानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "देवलातला नाय गो. हंड्यातला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

आईचं माहेर खाडीकाठचं. तिथली शाळा नवी मुंबई जन्माला यायच्याही आधीची आहे, आणि त्या शाळेच्या गच्चीवर एक छोटी वेधशाळा आहे. मिठागरांचा एक मालक होता. त्याला आकाशाचं वेड होतं. त्याने स्वतःची पितळी दुर्बीण शाळेला दिली, तिच्यावर फिरता घुमट बांधून दिला आणि खाली अंगणात हवामानाची नोंद घ्यायची उपकरणंही बसवून दिली. घुमट बाहेरून उपड्या हंड्यासारखा दिसतो, म्हणून गावाने त्याला हंडा म्हटलं. शाळेचं खरं नाव बोर्डावर असेल तेवढंच. आई तिथे सातवीपर्यंत शिकली आणि एकदाही हंड्यात चढली नाही, कारण मुलींना वर जायला बंदी होती.

बंदीचं कारण शनी. दुर्बिणीतून शनी बघायचा कार्यक्रम ठरला तेव्हा गावातली चार मोठी माणसं हेडमास्तरांकडे गेली. पोरींनी शनीच्या नजरेला नजर देऊ नये, लग्नं अडतात, असं त्यांचं म्हणणं. शनीच्या पारावर बायकांनी चढायचं नाही, मग हे तर थेट तोंडाकडे बघणं झालं. हेडमास्तर बाहेरगावचे होते, गावाशी वाकडं घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी मुलगे वर नेले आणि मुलींना खालची उपकरणं दिली. माझा मामा वरून खाली आला तो नाचतच. "शनीने बांगडी घातलीय," म्हणाला. आई हे सांगताना अजूनही चिडते. "बांगडी घालून बसलाय, मंग बायांचं तोंड कसं चालत नाय त्याला?" याचं उत्तर तिला कोणीही दिलेलं नाही.

खालच्या उपकरणांवर मात्र तिचा जीव बसला. त्या वेळी आमचे आजोबा मिठागरावर होते. अवकाळी पावसाची एक सर आली तरी रचलेलं मीठ विरघळून जायचं, म्हणून गावाच्या सकाळी आभाळाकडे बघूनच सुरू व्हायच्या. मुलींनी रोज सकाळी अंगणातल्या पर्जन्यमापकात किती पाणी जमलंय ते बघायचं आणि ओसरीतल्या फळ्यावर लिहायचं, असा नेम होता. पाऊस नसला तर लिहायचं, "निरंक". हा सरकारी कागदावरचा शब्द, हेडमास्तरांनी शिकवलेला. बाकी जगात निरंक म्हणजे काही नाही. मिठागरावर निरंक म्हणजे मीठ शाबूत. त्यामुळे आईच्या तोंडी तो शब्द आनंदाचा होऊन बसला. माझा ताप उतरला की ती बाबांना सांगायची, "ताप निरंक." बाबांच्या छातीचा फोटो चांगला आला तेव्हा ती दवाखान्याच्या जिन्यावरूनच ओरडली होती, "निरंक, निरंक." लोक बघायला लागले होते.

मी एकदा तिला डिवचलं होतं, की पाऊस पडला की नाही हे कळायला पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात डोकावायला कशाला पाहिजे, अंगण कोरडं आहे ते दिसत नाही का? ती खरोखर रागावली. "बगितल्याबिगर निरंक लिवायचं नाय." आणि एकटीने बघूनही चालायचं नाही. आधी एकीने जायचं, मग दुसरीने जायचं, एकमेकींना काही सांगायचं नाही. मग फळ्यापाशी उभं राहून दोघींनी एकदम आकडा बोलायचा. सारखा आला तर दोघी म्हणायच्या, "जुळलं," आणि मगच खडू उचलायचा. नाही आला तर दोघींनी परत जायचं. आईची जोडीदारीण पुढे खाडीपलीकडे दिली. ती आता या जगात नाही. आई तिचा विषय निघाला की अजूनही जोडीदारीण असंच म्हणते, नावाने नाही.

या नेमाचा मला लहानपणी फार जाच झाला. तांदूळ निवडले का? निवडले. दार लावलं का? लावलं. आई तेवढ्यावर थांबायची नाही, स्वतः जाऊन बघायची, आणि बहुतेक वेळा मी न बघताच हो म्हटलेलं असायचं. माझा स्वभावच तसा आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला. ऑफिसात कोणी बाळाचा फोटो दाखवला की फोन हातात यायच्या आत माझं "वा, किती गोड" होऊन जातं. "तुझं तोंड आदी बगतं, डोलं मागून येतात," असं आई म्हणते.

आणखी एका गोष्टीवरून ती मला टोचते. ती मला 'आहेवाली' म्हणते. आमच्या घरात सगळे हाय-नाय बोलणारे. मी बेलापूरला नोकरीला लागले आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी माझ्या बोलण्याची नक्कल केली. तेव्हापासून मी आहे-नाही बोलते ते आजतागायत, घरीसुद्धा, आईशीसुद्धा. ती बोलीत विचारते, मी पुस्तकी उत्तर देते, आणि आमचा संसार चाललाय.

तर असा तो हंड्यातला शनी. मी शाळेत फोन केला. तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी फार आपुलकीने ऐकून घेतलं. दुर्बीण चालू होती, शनिवारी संध्याकाळी त्या मुलांना आकाश दाखवतात, शनी अजून थोडे दिवस पश्चिमेला दिसणार होता. "या ना आजींना घेऊन," त्या म्हणाल्या. "फक्त जरा लवकर या. पश्चिमेला टॉवर झालाय, शनी त्याच्या मागे जातो." डोळ्यांबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं तर कशाला येता म्हणतील, अशी मला भीती वाटली.

शनिवारी आई दुपारपासून तयार. ठेवणीतलं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, केसात अबोलीची वेणी. मी म्हटलं, "आई, शनीकडे चाललोय आपण, स्थळ बघायला नाही." ती म्हणाली, "त्याचाच वार हाय आज. बरं दिसलं पायजे." पाम बीच रस्त्याने जाताना तिने काच खाली केली आणि तोंड उलट्या बाजूला, माझ्याकडे वळवलं. मला वाटलं काहीतरी बोलायचंय. मग लक्षात आलं, ती खाडी बघत होती.

तिचं माहेरचं गाव मी लहानपणी पाहिलेलं. आता गल्ल्यांवर चार चार मजले चढलेत, खाली मोबाइलची दुकानं, वर भाड्याच्या खोल्या, आणि सभोवार टॉवर. मला शाळा सापडेना. आईने मात्र बसल्या जागेवरून सांगितलं, मारुतीकडून डावीकडे, आणि बरोबर फाटकाशी आणून सोडलं. फाटकातून आत शिरताच हंडा दिसला. मी मोठा काहीतरी समजले होते. प्रत्यक्षात दोन माणसं आत बसली तर तिसऱ्याने दारात उभं राहावं एवढाच तो होता, आणि त्याला नुकताच चंदेरी रंग दिलेला होता.

बाई फाटकाशीच उभ्या होत्या. तरुण, चुडीदार घातलेल्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी वाकून आईला नमस्कार केला. आईने त्यांच्या कानाकडे बघत आशीर्वाद दिला, आणि मग वर जायचं सोडून ती अंगणाच्या कोपऱ्याकडे चालू लागली. तिथे जाळीच्या कुंपणात तिची उपकरणं होती. सौर पॅनेल लावलेलं नवं यंत्र शेजारी उभं होतं, तेच आता सगळं मोजतं. पण जुनं काढलेलं नव्हतं. पर्जन्यमापक होता, चार पायांवरची पांढरी झडपांची पेटी होती, खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा होता. त्याला पुस्तकात वातकुक्कुट म्हणतात. एवढा शब्द उच्चारेपर्यंत वारा फिरायचा, असं आईचं मत आहे.

आईने पेटीचं दार हाताने चाचपून उघडलं. आत तापमापक टांगलेले होते. ती पुढे झुकली आणि तिने श्वास धरला. हे मला लगेच ओळखू आलं. आमच्या लहानपणी ताप बघतानाही ती श्वास धरायची. आपल्या उच्छ्वासाची ऊब पाऱ्याला लागू नये म्हणून तसं शिकवलेलं. तेव्हा मला ते मंत्र टाकल्यासारखं वाटायचं. आता ती त्या पेटीपुढे श्वास धरून उभी होती, आणि आकडे तर तिला दिसणं शक्यच नव्हतं. खूप वेळाने तिने श्वास सोडला आणि दार लावलं. वर जाऊच नये, इथूनच परत फिरावं, असं मला वाटलं.

"चल," ती म्हणाली. "तो जाईल."

गच्चीपर्यंत साधा जिना होता. तिथून हंड्यात जायला मात्र लोखंडी गोल जिना, एकेक पायरी आतल्या बाजूला निमुळती. पुढे बाई, मध्ये आई, मागे मी, तिच्या कमरेला दोन्ही हात लावून. तिला पायऱ्या नीट दिसत नव्हत्या, गुडघे तर कधीचे बोलत होते. अर्ध्यावर ती थांबली. मी म्हटलं, "आई, राहू दे का?" ती म्हणाली, "इतक्या वर्सांनी वर बोलावलंय, आनि आता तूच अडवतंस?" खालून मुलांची कुजबुज ऐकू येत होती. शाळेतली काही मुलंमुली आधीच बघून गच्चीच्या कठड्याशी जाऊन बसली होती.

घुमटाच्या आत तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. बाईंनी दोरी ओढली तशी छताची फट करकरत रुंद झाली आणि आभाळाची एक पट्टी दिसली. पट्टीच्या एका कडेला टॉवर होता, त्याच्या खिडक्यांमध्ये दिवे लागलेले. आई स्टुलावर बसून धापा टाकत होती. बाई म्हणाल्या, "ताई, आजींचा श्वास शांत होईपर्यंत तुम्ही बघून घ्या."

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग कुठूनतरी एक उजेड आला, पिवळट, थरथरता, तव्यावर पाण्याचा थेंब नाचावा तसा. "वा," मी म्हटलं, "काय सुंदर." आणि आईसाठी जागा केली.

बाईंनी स्टूल सरकवलं, आईचं डोकं हलक्या हाताने दुर्बिणीपाशी आणलं. आईने उजवा डोळा लावला आणि श्वास धरला. तिच्या वेणीतली अबोली माझ्या नाकाशी होती. मी डोळे मिटले आणि एकवीरेला म्हटलं, एवढं एक कर, डोली करून येईन, चालत येईन, तू म्हणशील तशी येईन.

"निरंक," आई म्हणाली.

बाईंना शब्द कळला, अर्थ लागला नाही. मला लागला. तिच्या तोंडून तो शब्द इतका कोरडा मी कधीच ऐकला नव्हता. आणि अशा वेळी माणूस जे करू नये तेच करतं. मी तिच्यावर चिडले. "अगं नीट बघ ना, बरोबर मधोमध आहे!" म्हटलं, आणि म्हणताक्षणी जीभ चावली. मधोमध असलेलंच तर तिला दिसत नव्हतं.

मग मी बाईंना डोळ्यांचं सगळं सांगून टाकलं. लपवलं म्हणून माफीही मागितली. त्या मग आईच्या शेजारी उकिडव्या बसल्या. "आजी, सरळ बघूच नका. नजर जरा बाजूला ठेवा, आणि लक्ष मध्ये. पुसट तारे बघायचे असले की आम्ही मुलांनाही हेच सांगतो. डोळ्याची कड अंधारात जास्त हुशार असते."

आई हसली. "म्हंजे कानाकडं बगायचं?"

"कोणाच्या?"

"शनीच्या."

तिने परत डोळा लावला. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. आईचा खांदा किंचित हलला.

"हाय," ती म्हणाली. आणि मग, "हाय गो. पिवला हाय. हालतंय."

मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी तिचा पदर घट्ट धरून ठेवला. ज्याने तिला नुसत्या अफवेवर खाली ठेवलं तो आता वर, तिच्या डोळ्याच्या कडेला येऊन उभा होता. मला हाव सुटली. "आणि बांगडी, आई? बांगडी दिसतेय?"

ती पुन्हा बघत राहिली. हो म्हण, मी मनात म्हणत होते, एकदा खोटं बोल, कोण बघायला येतंय.

"शनी हाय," ती म्हणाली. "बांगडी निरंक."

आवाजात दुःख नव्हतं. फळ्यावर लिहायचं असावं तसं ती सांगत होती. रडले ती मीच, पण आत अंधार होता. बाईंनी आईचा हात हातात घेतला आणि तिची एक हिरवी बांगडी मनगटावर तिरकी केली. "आजी, यात तुमचा दोष नाही. बांगडी अशी समोरून बघितली तर गोल दिसते. अशी कडेने बघितली तर नुसती रेघ. सध्या शनीची बांगडी आपल्याला अगदी कडेने दिसतेय. एकदम बारीक आहे."

आईने बांगडीवरून बोट फिरवलं. "म्हंजे हाय, पन मना दिसत नाय."

"हो."

"आनि हिला दिसली." तिने मान माझ्या बाजूला वळवली, म्हणजे माझ्यापलीकडच्या भिंतीकडे. "वा बोलली ना ती. दिसली का गो?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे कांकण आभाळात होतं, आरसा माझ्या डोळ्याला लावलेला होता, आणि मी तो धड बघितलाही नव्हता. "नाही," मी म्हटलं. "मला नुसता थेंब दिसला."

"मंग वा कोनाला केलंस?"

बाई हसल्या, आणि मग मीही. आई नाही हसली. ती स्टुलावरून हळूहळू उठली, चाचपत बाजूला झाली आणि मला म्हणाली, "बस. बांगडी तुना दिसली नाय, मना दिसली नाय. बाई बोलतात हाय. मंग परत बगाया लागंल. माजा डोला नाय पोचायचा. तू बग. श्वास धर, आनि तोंड मिटून बग, जोडीदारनी."

हे नाव तिने मला याआधी कधीच दिलं नव्हतं.

मी बसले. बाई म्हणाल्या, "ताई, घाई करा, टॉवर जवळ आलाय." पण घाई करायची नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी श्वास धरला. थेंब नाचत होता. मी त्याला नाचू दिलं. काही सुंदर वगैरे वाटून घेतलं नाही. नुसती बघत राहिले, बघत राहिले, आणि एका क्षणी वरची हवा स्थिर झाली असावी. थेंबाचा मणी झाला. गोल, फिकट, स्वच्छ. त्या मण्यातून आरपार एक रेघ गेली होती, दोन्ही बाजूंना सारखी, ओवायच्या दोऱ्याएवढी बारीक. मी ती डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली. मग टॉवरची काळी कड आली आणि रेघ, मणी, सगळं तिच्यामागे गेलं.

मी श्वास सोडला तेव्हा आई माझ्या तोंडाशी कान नेऊन उभी होती.

"बोल."

"हाय," मी म्हटलं. "बांगडी हाय, आय."

तो शब्द माझ्या तोंडातून कुठून आला कोण जाणे. बेलापूरच्या ऑफिसात ठेवून आले होते मी तो. आईने तो ऐकला, पण तिने विचारलं ते दुसरंच.

"बगून बोलतंस?"

"बगून बोलतंय."

उतरताना जिना चढताना वाटला त्यापेक्षा वाईट होता. आई उलटी, शिडीवरून उतरावं तशी उतरली आणि मी खालून तिचं एकेक पाऊल धरून पायरीवर ठेवलं. ओसरीत ट्यूबलाइट होती आणि फळा अजून तिथेच होता, तोच की दुसरा ते मी विचारलं नाही. वर कोणत्या तरी मुलीच्या अक्षरात आजचं हवामान लिहिलेलं, तापमान, वारा, आणि त्याखाली 'पाऊस: निरंक'. मी ते आईला वाचून दाखवलं. "बरं झालं," ती म्हणाली, जणू मीठ अजून उघड्यावर रचलेलं होतं. मग तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "मंग लिव."

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी खडू दिला. मी पावसाच्या खाली, फळ्याच्या मावेल तेवढ्या रुंदीत, पाटीवर पहिलीतलं मूल काढतं एवढी मोठी अक्षरं काढली. शनी हाय. बांगडी हाय. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं. मग मागे सरकून आईला पुढे केलं.

ती फळ्याशी अगदी जवळ गेली. तोंड फळ्याच्या लाकडी चौकटीकडे वळवलं, श्वास धरला आणि चौकटीकडे बघत बघत एकेक अक्षर वाचत गेली. तिचे ओठ हलत होते. शेवटच्या शब्दापाशी ती पुन्हा मागे आली, आणि तो तिने परत एकदा वाचला. मी खडू हातात धरून उभी होते, चुकलं असलं तर पुसायला.

"जुळलं," ती म्हणाली.